मोटर थांबेना : एका जुन्या पिनबॉल मशीनच्या जीर्णोद्धाराचं प्रकरण

स्टार्टचं बटण दाबलं की मशीन दचकून जागं व्हायचं. दिवे लागायचे, मागच्या पेटीतली आकड्यांची चाकं खडखड करत फिरायची, तळाशी बसवलेली मोटर घरघरायला लागायची. इथपर्यंत सगळं रीतसर. यानंतर मोटर थांबायला हवी आणि चेंडू उजवीकडच्या गल्लीत येऊन पडायला हवा. तो यायचा नाही. मोटर फिरतच राहायची. दोन मिनिटं, पाच मिनिटं. शेवटी मीच प्लग काढायचे.

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर चेंडू उडवत गुण मिळवायचा खेळ. त्याचं हे जुनं मशीन दुरुस्त करायच्या सगळ्या कामाला साडेचार महिने लागले, त्यातले जवळजवळ सहा आठवडे मी या मोटरपाशी अडकून होते. साफसफाई, रबर, दिवे, मेण ही कामं चिकाटी असलेल्या कुणालाही जमतील अशी आहेत. म्हणून इथे त्यांना जागा कमी आणि मोटरला जास्त. मी याआधी इस्त्रीची वायर बदलण्यापलीकडे विजेचं काही केलेलं नव्हतं, हेही आधीच सांगते. यातले बरेच निर्णय त्या नवखेपणातून आलेले आहेत.

मशीन कोणतं

एका क्लबाची जुनी जागा रिकामी होत होती, तिथल्या अडगळीतून ते माझ्याकडे आलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, एका वेळी एकानंच खेळायचं, चार आकडी स्कोअरचं, इलेक्ट्रो-मेकॅनिकल मशीन. पायांचे बोल्ट गंजलेले, वरच्या काचेवर धुळीचा थर, आणि पेटीच्या तळाशी चार घड्या घातलेला, चादरीएवढा मोठा सर्किटचा नकाशा. त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. त्या दिवशी त्या कागदाची किंमत मला कळली नव्हती. ज्याला असं मशीन घ्यायचं असेल त्यानं आधी नकाशा आहे का ते बघावं, चकाकी नंतर.

ही मशिनं बहुतेक शिकागोची. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही कंपन्या तिथल्याच. खेळणाऱ्याच्या हाती फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू परत वर उडवणारे छोटे हात, आले ते 1947 साली, गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनमध्ये. त्याआधी चेंडू एकदा सुटला की पेटीला हलके धक्के देण्यापलीकडे फारसं काही हातात नसे. त्यामुळे हा जुगार की कसबाचा खेळ, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. न्यू यॉर्क शहरात 1942 पासून 1976 पर्यंत पिनबॉलवर बंदीच होती. माझ्या मशीनवरही ‘फक्त करमणुकीसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ बारीक अक्षरांत छापलेली आहे. एका कोपऱ्यातल्या तेवढ्या ओळीमागे हा सगळा इतिहास उभा आहे, हे कळल्यावर मी ती ओळ पुसताना फार जपून हात फिरवला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोप्रोसेसर आले आणि रिलेंचा, म्हणजे विजेनं उघडमीट होणाऱ्या स्विचांचा, जमाना संपला. माझ्या मशीनमध्ये चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही. आहेत ते रिले, कॉइल (तारेची वेटोळी, वीज गेली की लोखंडी दट्ट्या ओढणारी), पात्यांचे स्विच आणि दातेरी चाकं. कितवा चेंडू चालू आहे हे मशीनला ‘आठवतं’ ते एक चाक कितव्या दात्यावर उभं आहे त्यावरून. स्कोअर आठवतो तो आकड्यांची चाकं कुठे थांबली आहेत त्यावरून. स्मरणशक्ती म्हणून जे काही आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं आणि बोटानं हलवता येतं. माझ्यासारख्या नवख्या माणसाला याच गोष्टीनं धीर दिला.

प्लग लावण्याआधी

पहिला नियम मी वाचून पाळला: पन्नास वर्षांचं मशीन आणल्या आणल्या प्लगमध्ये खुपसायचं नाही. आधी काच काढली. मग खेळाची फळी, म्हणजे प्लेफिल्ड, उचलून मागे टेकवली आणि खालचं सगळं उजेडात आणलं. वीज नसताना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला. दोनशेच्या वर झाले. नंतर त्यातल्या निदान तीस फोटोंनी मला वाचवलं. पांढऱ्यावर लाल पट्टी असलेली तार कुठल्या पात्यावर होती, हे तीन आठवड्यांनी कुणाच्याही लक्षात राहत नाही.

मेन्सची वायर दोनच तारांची, अर्थिंग नसलेली, वरचं रबर वाकवलं तर तडकत होतं. ती बदलून तीन तारांची घातली आणि अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला, नाण्याच्या दाराला आणि कडेच्या धातूच्या पट्ट्यांना जोडली. खेळणाऱ्याचे हात नेमके या पट्ट्यांवरच असतात. जुनेपणा राखायचा म्हणून ज्या गोष्टी तशाच ठेवायच्या, त्या यादीत ही वायर बसत नाही.

मग फ्यूज. एका फ्यूजभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला होता, चॉकलेटच्या वेष्टनातला असतो तसा. म्हणजे फ्यूज नव्हताच, त्याच्या जागी नुसता पत्रा. मी तो चिमट्यानं काढला आणि हे कुणी का केलं असेल याचा माग काढत गेले. या मशीनकडे कसं बघायचं ते मला त्या दुपारी कळलं, म्हणून ते सविस्तर सांगते.

त्या फ्यूजवर प्लेफिल्डच्या कॉइल चालतात. त्यांतल्या डाव्या फ्लिपरच्या कॉइलवरचं कागदी वेष्टन करपून तपकिरी झालेलं होतं. फ्लिपरच्या कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, जोरदार फटका देणारा. त्याचा रोध जेमतेम दोन-चार ओहम. दुसरा बारीक तारेचा, कितीतरी जास्त रोधाचा, फ्लिपर नुसता वर धरून ठेवणारा. बटण दाबल्यावर सुरुवातीला सगळी वीज जाड वेढ्यातून जाते. फ्लिपर पूर्ण वर पोहोचला की त्याच्याच दांडीनं एक स्विच उघडतो, बारीक वेढा मार्गात येतो आणि प्रवाह एकदम कमी होतो. म्हणून बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. सारी मदार त्या टोकाच्या स्विचवर.

माझ्या मशीनमध्ये या स्विचची दोन पाती तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधून वर डाग दिलेला होता. म्हणजे तो कधी उघडतच नव्हता. आता ओळ लागली. स्विचचे कॉन्टॅक्ट, म्हणजे पात्यांवरचे एकमेकांना टेकणारे ठिपके, काळे पडले असणार, त्यामुळे जाड वेढ्याला वीज पुरेशी मिळेना, फ्लिपर मरतुकडा झाला. कुणीतरी स्विच साफ करण्याऐवजी तो कायमचा जोडून टाकला. फ्लिपर जोरात उडायला लागला. पण बटण दाबून धरलं की कॉइल तापू लागली, फ्यूज उडू लागले. मग फ्यूजवर चंदेरी कागद. मग कॉइल करपली. मूळ दुखणं होतं दोन काळ्या ठिपक्यांचं, पाच मिनिटांच्या कामाचं. त्यावर एकावर एक दोन दुरुस्त्या चढल्या होत्या आणि प्रत्येक दुरुस्तीनं आधीचं दुखणं झाकून नवं उभं केलं होतं.

तिथून पुढे मी वहीत दोन रकाने केले: ‘वयानं झालेलं’ आणि ‘हातानं झालेलं’. शेवटी मोजलं तर दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब भरला.

काकांचं एक्स्चेंज

शेजारचे काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत. मशीन उघडं पडलेलं बघून ते सहज आत आले, चष्मा वर केला आणि खाली वाकून म्हणाले, “अगं, हे तर आमचं एक्स्चेंजच आहे की!”

खरंच तसं आहे. जुन्या स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये डायल फिरवला की ठोके जायचे, ठोक्यागणिक एक दांडा पायरी पायरीनं सरकायचा, रिले पडायचे-उचलायचे. पिनबॉलमध्येही तेच: चेंडू आपटला की ठोका, ठोक्यावर एक दाता पुढे. काकांनी चाळीस वर्षांपूर्वीची अवजारांची थैली आणली. त्यात रिलेची पाती वाकवायचं खाचेचं एक छोटं हत्यार होतं. या कामात त्याहून उपयोगी दुसरं हत्यार मला दिसलं नाही.

काका येण्याआधी मी एक चूक करून बसले होते. काळे कॉन्टॅक्ट दिसले म्हणून पॉलिश पेपर घेऊन आठ-दहा स्विच घासून चकचकीत केले होते. काकांनी भिंगातून एक बघितला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

“किती घासलेस असे?”

“आठ-दहा.”

“मग आता थांब. ही चांदी आहे, मऊ असते. तू तिच्यावर चरे पाडलेस, आता त्या चऱ्यांत धूळ बसणार. हिला घासायचं नसतं, पुसायचं असतं.”

त्यांनी व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी कापली, दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये घातली, वरचं पातं बोटानं हलकेच दाबलं आणि पट्टी ओढून घेतली. कार्डावर पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ उठली. पुन्हा कोरी बाजू, पुन्हा ओढली, रेघ फिकी. तिसऱ्यांदा कार्ड कोरंच निघालं. एवढंच काम. फ्लिपरच्या टोकाच्या स्विचला मात्र टंगस्टनचे कडक कॉन्टॅक्ट असतात, तिथे ठिणगी मोठी पडते आणि बारीक कानस चालते. दोन्हीकडे एकच औषध लावायचं नाही, हे मी तेव्हा शिकले.

पुसण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पात्यांचा बाक. स्विच मिटताना लांब पातं आखूड पात्याला टेकून तिथेच थांबता कामा नये. त्यानं आखूड पात्याला थोडं पुढे ढकललं पाहिजे. त्या ढकलण्यात दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांवर किंचित घासतात आणि प्रत्येक वेळी आपले आपण साफ होतात. उघडा असताना मधलं अंतर साधारण दीड मिलिमीटर. पन्नास वर्षं मशीन चालतं ते या घासण्यावर. नुसतं टेकणारं पातं आज चालेल, महिन्यानं दगा देईल.

मोटर

आता मूळ प्रकरण.

स्टार्ट दाबलं की मशीनला पहिलं काम असतं मागचा खेळ विसरायचं. रिसेट रिले उचलला जातो आणि मोटर सुरू होते. मोटरच्या दांड्यावर खाचा असलेल्या चकत्यांची चळत आहे. त्या फिरताना कडेची पाती ठरावीक क्रमानं दाबतात आणि एका आवर्तनात पाच ठोके पाठवतात. प्रत्येक ठोक्याला आकड्याचं चाक एक घर, म्हणजे 36 अंश, पुढे जातं. एकं, दहं, शतं, सहस्र अशी चार चाकं. प्रत्येक चाकाला स्वतःचा एक शून्य-स्विच. चाक शून्यावर नसेल तोवर तो मिटलेला, शून्यावर आलं की उघडतो आणि ‘मी पोहोचलो’ म्हणून सांगतो. मग त्या चाकाला ठोके मिळणं बंद. चारही चाकांनी असं सांगितलं की रिसेट रिलेचा आधार सुटतो, मोटर थांबते, चेंडू ढकलला जातो.

म्हणजे मोटर थांबत नाही याचा अर्थ कुणीतरी अजून ‘पोहोचलो’ म्हणत नाही. हे सूत्र मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. ते पुरेसं नाही, हे कळायला पुढचे पाच लागले.

पहिला संशयित सरळ होता. दहंचं चाक सातावर अडकलेलं. ठोका आला की कॉइल गुंजायची, लोखंडी दट्ट्या अर्ध्यात थिजायचा. आधीच्या कुणीतरी सढळ हातानं तेल सोडलं होतं. ते वाळून काकवीसारखं चिकट आणि मग लाखेसारखं कडक झालं होतं. दट्ट्या आणि नळी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली, कोरडी पुसली, कोरडीच परत बसवली. कॉइलच्या नळीत तेल घालायचं नसतं. जिथे जिथे घातलं होतं तिथे तिथे मला ते काढत बसावं लागलं, आणि ते जवळपास सगळीकडेच घातलेलं होतं.

पुन्हा स्टार्ट. दहंचं चाक शून्यावर आलं आणि थांबलं. आता शतंचं चाक शून्य ओलांडून पुढे जायला लागलं. आठ, नऊ, शून्य, एक, दोन, न थांबता. त्याच्या शून्य-स्विचचं पातं कुणीतरी पकडीनं पिरगाळलेलं, त्यावर पकडीचे दातही उमटलेले. चाक शून्यावर आलं तरी ते उघडतच नव्हतं. काकांच्या हत्यारानं मुळाशी धरून हळूहळू सरळ केलं. टोकाकडून वाकवायचं नाही, मुळाकडून. नाहीतर पात्याला कोपर येतं.

पुन्हा स्टार्ट. चारही चाकं शून्यावर. मागची पेटी शांत. आणि खाली मोटर फिरतेच आहे.

इथे मी खचले. दिसण्यासारखं चुकीचं काही उरलंच नव्हतं. मीटर घेऊन बसले, तर कुठल्याही शून्य-स्विचवर टोकं टेकवली की मीटर वाजायचा. सगळेच मिटलेले? डोळ्यांना तर उघडे दिसत होते. दोन आठवडे मी या चारही स्विचची पाती पुन्हा पुन्हा जुळवत बसले. त्यातल्या एका चांगल्या स्विचचं अंतर मी बिघडवलंसुद्धा. माझ्या हातानं झालेलं म्हणून तेही वहीत लिहिलं, दुसऱ्या रकान्यात.

शेवटी काका म्हणाले, “मशीन राहू दे. नकाशा काढ.”

चादरीएवढा कागद जमिनीवर पसरला. असल्या नकाशात स्विच जिथे बसवलेला असतो तिथे काढलेला नसतो. ज्या रिलेचं काम तो करतो त्याच्या ओळीत काढलेला असतो. त्यामुळे पहिले काही दिवस तो नुसता गुंता वाटतो. काकांनी रिसेट रिलेच्या कॉइलवर बोट ठेवलं आणि वीज तिथपर्यंत कुठून कुठून येऊ शकते ते उलट दिशेनं शोधायला सांगितलं. मी बोट फिरवत गेले. एक स्विच, त्याला समांतर दुसरा, तिसरा, चौथा. आणि पाचवा.

पाचवा बॉल-काउंट युनिटचा. कितवा चेंडू चालू आहे ते मोजणारं दातेरी चाक पेटीच्या तळाशी असतं. नव्या खेळाच्या आधी तेही शून्यावर परतावं लागतं. ते मी संशयितांत धरलंच नव्हतं, कारण मागच्या काचेवर ‘1’चा दिवा व्यवस्थित लागत होता. पहिला चेंडू, म्हणजे चाक परतलेलं, असं मी गृहीत धरलं होतं. मीटर सगळीकडे का वाजत होता तेही आता उघड झालं. पाचही स्विच समांतर आहेत. एक जरी मिटलेला असला तरी पाचांपैकी कुठेही मोजलं तर वाट मिळतेच.

“आता कागद,” काका म्हणाले.

ही युक्ती मी आयुष्यभर विसरणार नाही. मशीन चालू ठेवायचं. कोरड्या कागदाची अरुंद पट्टी प्लॅस्टिकच्या चिमट्यात धरायची, दुसरा हात पाठीमागे, आणि संशय असलेल्या स्विचच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये पट्टी सरकवायची. तेवढाच स्विच बाजूला पडतो, बाकी सर्किट जसंच्या तसं. हे फक्त कमी व्होल्टच्या बाजूला करायचं, माझ्या मशीनमध्ये ती बाजू 24 व्होल्टची. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या टोकांजवळ फिरकायचंसुद्धा नाही.

एकंमध्ये पट्टी घातली. मोटर फिरतेय. दहं. फिरतेय. शतं, सहस्र. फिरतेय. मग गुडघे टेकून पेटीत वाकले आणि बॉल-काउंट युनिटच्या स्विचमध्ये पट्टी सरकवली. रिसेट रिले ‘टक्’ करून पडला, मोटरनं आपला फेरा पुरा केला आणि थांबली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा चालू मशीनमध्ये मी शांतता ऐकली. नुसता ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

टॉर्च लावून जवळून बघितलं तेव्हा खरी गोष्ट दिसली. चाक परतताना शेवटच्या घराच्या अर्धा दाता अलीकडे थांबत होतं. त्याच्यावरचं पितळी बोट पहिल्या ठिपक्याच्या कडेला जेमतेम टेकत होतं, म्हणून दिवा लागत होता. पण शून्य-स्विच उघडणारी छोटी खुंटी त्याच चाकावर आहे, आणि ती पात्यापासून नखभर दूर राहत होती.

युनिट अख्खं बाहेर काढलं. दांड्याखाली पुन्हा तेच कडक झालेलं तेल. धुतलं, पुसलं, बसवलं. तरी अर्धा दाता बाकीच. चाक मागे आणायला घड्याळातल्यासारखी चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते. पूर्वी कुणीतरी युनिट उघडून बंद करताना तिला एक वेढा कमी दिला असावा. काकांनी बजावलं, “एकच वेढा वाढव. जास्त ताणलीस तर पुढे ढकलणारी कॉइल कमी पडेल.” एक वेढा दिला. मग हातानं परीक्षा. चाक पाचव्या घरापर्यंत नेऊन सोडलं की कुठलीही स्प्रिंग त्याला परत आणते. खरी कसोटी पहिल्या घरावरून. तिथे स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी. पहिल्या घरावर नेऊन सोडलं. कट्. पूर्ण परतलं, खुंटी पात्याला भिडली.

स्टार्ट. चाकं खडखडली, मोटर दोन फेरे फिरली आणि थांबली. मागोमाग फळीखालून ‘ठक्’ असा दणका आणि चेंडू लाकडावरून घरंगळत गल्लीत येऊन उभा राहिला. काकांनी काही न बोलता माझ्या पाठीवर थाप मारली.

काच आणि फळी

मागची चित्राची काच हे मशीनचं तोंड. तिच्यावरचं चित्र मागच्या बाजूनं छापलेलं असतं, म्हणजे रंगाचा थर आतल्या बाजूला उघडा. दिव्यांची धग आणि थंडी-उन्हाचे फेरे यांनी तो काचेपासून सुटत जातो. मी ओलसर फडकं मागून फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यातला नखाएवढा निळा पापुद्रा फडक्याला चिकटून आला. मी जागच्या जागी थांबले. तो कोपरा आजही तसाच आहे. मागे दिवा लागला की तिथे पांढरा ठिपका चमकतो.

त्यानंतर काचेला मागून कापडच काय, ब्रशही लावला नाही. काच आडवी ठेवून मागून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर फवारले, दोन थरांमध्ये पूर्ण वाळू देऊन, म्हणजे सुटू लागलेला रंग जागेवर धरला जाईल. हे काम परत फिरवता येत नाही, म्हणून आठवडाभर विचार केला. रंग सुटत नसता तर फवारलं नसतं. दिवेही बदलले: जुने 44 नंबरचे 250 मिलिअँपिअर खातात, 47 नंबरचे 150. दोन्ही 6.3 व्होल्टचेच, उजेडात फरक थोडा, पण धग बरीच कमी. एलईडी लावून पाहिले आणि काढले. त्या चित्राला पिवळसर, किंचित थरथरता उजेडच शोभतो, असं माझं ठाम मत आहे.

फळीचं थोडक्यात. पाणी अजिबात लावलं नाही, लाकूड फुगतं. अल्कोहोल आणि मेलामाइन स्पंजनं काळे डाग काढले. स्पंजवर चित्राचा रंग दिसला की हात थांबवायचा, कारण स्पंज वरचं लाखेसारखं आवरणही घेऊन जातो. चेंडूला उडवून लावणाऱ्या बंपरभोवती रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे नव्यानं रंगवायचं की नाही यावर मी खूप घोळले आणि शेवटी नाही रंगवलं. माझा ब्रशचा हात त्या लायकीचा नव्हता, आणि वाईट रंगवलेलं काढणं झिजलेलं सांभाळण्यापेक्षा अवघड. मेण लावलं. रबराच्या कड्या सगळ्या नव्या. चेंडूही नवा, 27 मिलिमीटरचा, साधारण 80 ग्रॅमचा. जुन्यावर खड्डे होते आणि असा चेंडू फळीवर कानशीसारखा फिरतो. पायांचे स्क्रू फिरवून उतार साडेतीन अंशांवर आणला. मशीन जास्त हलवलं तर खेळ थांबवणारा टिल्टचा ओळंबा कड्याच्या बरोबर मध्यभागी लटकवला. करपलेली कॉइल बदलली, टोकाचा स्विच साफ करून तांब्याची तार तोडून टाकली, आणि फ्यूज नकाशावर लिहिलाय त्याच अँपिअरचा घातला.

नंतरचं

पहिला पूर्ण खेळ काकांनी खेळला. ते फ्लिपरकडे बघतच नव्हते. मान थोडी कलती करून ऐकत होते. तिसऱ्या चेंडूला म्हणाले, “एकंचा ठोका बोदा आहे गं.” प्लेफिल्ड उचलून बघितलं तर एकंच्या घंटेखालचा रबरी ठोकळा दबून गेलेला होता. पट्टी मोकळी कंपच पावत नव्हती. ठोकळा बदलल्यावर तीन घंटांचे तीन स्वर वेगळे ऐकू यायला लागले, आणि आता मलाही न बघता कळतं की चेंडूनं दहा मिळवले की शंभर.

नकाशाची खाल्लेली कड जाड कागदावर चिकटवली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि पेटीत जिथे होता तिथेच ठेवला. सोबत माझ्या वहीतली पानं, तारखांसकट. बॉल-काउंट युनिटच्या स्प्रिंगला एक वेढा वाढवला आहे. शतंच्या शून्य-स्विचचं पातं दोनदा वाकवलेलं आहे, पुन्हा वाकवलं तर तुटेल. प्लेफिल्डखालचे आठ-दहा कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासले गेले आहेत, कुठले ते नकाशावर पेन्सिलीनं खूण करून. काच मागून फवारलेली आहे. आणि शेवटची ओळ: शतंचं चाक नऊवरून पुढे जाताना सहस्रला ठोका कधी कधी पोहोचत नाही, वीस-पंचवीस खेळांत एकदा. नऊच्या स्विचवर संशय आहे, अजून सापडलेलं नाही.